शिळा चंद्र

"आपल्या घरी त रोजचाच उपास, येगळा कायले करा?" असं म्हणत ती पदरानं तोंड पुसायची आणि कापसाच्या ओळीत शिरायची.

ही आमची शेजारची मावशी. भिंतीला भिंत लागून घर. देवळीकडच्या शेतांत मी, माझी आई आणि ती, तिघी मजुरीनं कापूस वेचायचो. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, बी.एस्सी.ला होते. पण वेचणीला गेल्याशिवाय बसचा पास निघत नसे.

मावशीनं आयुष्यात एकच संकष्टी धरली, लेकीचा नर्सिंगला नंबर लागावा म्हणून. त्या दिवशी सकाळी कोवळ्या उन्हात पश्चिमेला चंद्र होता, बोंडात राहून गेलेल्या कापसासारखा. मावशीनं हात जोडले, बांधावर बसली आणि आईला म्हणाली, "दे वं एक भाकर. चंद्र दिसला."

बाया हसून हसून वाकल्या. तुहा गणपती सकाळीच उठते काय वं, हा त कालचा शिळा चंद्र, असं चाललं. तीही हसली. भाकर मात्र पुरी खाल्ली.

लेकीचा नंबर लागला नाही. तेव्हापासून मावशी मान वर करेना. लेक समोर आली की चूल फुंकत बसायची, चूल पेटलेली असली तरी. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील.

मला राहवलं नाही. तिला समजावलं, की पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो, म्हणून सकाळी उशिरा मावळतो. या चुन्याच्या भिंतीवर पडतं तसं ऊन त्याच्यावरही पडतं, म्हणून निळ्या आभाळातही दिसतो. रात्रीचा अन् दिवसाचा चंद्र एकच. तू काही खोटं केलं नाहीस.

मावशी खालीच पाहत म्हणाली, "चंद्र खराच होता वं पोरी. पण मले मालूम होतं, रातचाच लागते. आदल्या राती पीठ सरलं होतं. भूक लागलती."

आदल्या रात्री आमच्याकडे वरण-भात झाला होता. मधे ही एवढी भिंत. मग माझीच मान वर होईना. घरी येऊन आईला सांगितलं. आई भाजीची वाटी भरून बाहेर पडली.

पुढच्या वर्षी मावशीनं संकष्टी धरलीच नाही. त्याले काय तोंड दाखवू, म्हणायची. आणि नेमका लेकीचा नंबर लागला. तर हिला नवीच लाज: "उपास न करता देल्लं त्यानं. आता त देवळात बी जाता येत नाई."

आता ती लेकीकडे वर्ध्याला असते. शेजारच्या दाराला कुलूप आहे. आई अजूनही कधी सवयीनं वाटी घेऊन त्या दारापर्यंत जाते आणि परत येते.

मी पदवीधर झाले. तिची लेक नर्स झाली. मावशी दोन वेळ जेवते.