अर्ध्या बोटाची चूक

कारखान्यात तिला सगळे डावरी म्हणत. पिनबॉलच्या, म्हणजे पोलादी गोळी उडवून खेळायच्या यंत्रात बसणाऱ्या लाकडी फळ्यांना भोकं पाडायचं तिचं काम. कागदी नकाशा फळीवर टाचायचा आणि प्रत्येक खुणेवर ड्रिल टेकवायचं. ड्रिल बसवलेलं उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी, म्हणून ती फळीच फिरवून घ्यायची. एका नव्या खेळाच्या पहिल्या दहा फळ्या एकावर एक ठेवून तसं करताना कागद सरकला आणि कडेच्या खुंटीचं भोक दहाही फळ्यांत अर्धं बोट बाजूला पडलं.

मुकादमाने तोंडाचा पट्टा सोडला. "डोळे काय घरी ठेवून येतेस?" त्याच दिवशी तिला घरी बसवलं. नवरा आधीच वारलेला. महिन्याभरात लेकीची शाळा सुटली आणि बारा वर्षांची ती पोर कपड्यांच्या कारखान्यात काजं करायला बसली. आईच्या वेंधळेपणाने आपलं वाटोळं झालं, हे ती तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आली.

खरी गंमत पुढेच. माल वाया जायला नको म्हणून त्या दहा फळ्या तशाच यंत्रात बसवून बाजारात पाठवल्या आणि लोक त्या यंत्रांना जे चिकटले ते सुटेनात. खाली पडून बाद व्हायला निघालेली गोळी त्या सरकलेल्या खुंटीला थडकून कधीकधी परत खेळात यायची. नेहमी नाही, कधीकधी. त्या कधीकधीपायी माणसं तहानभूक विसरली. आराखडा काढणाऱ्या साहेबांनी मोजपट्टी लावून पाहिली आणि गुपचूप नकाशाच बदलला.

कारखान्यातल्या मैत्रिणीकडून हे कळल्यावर डावरी कारखान्याच्या फाटकाशी गेली. मुकादम म्हणाला, "चूक ती चूक." तिला परत घ्यायचं तर भोक कुणाचं, हे साहेबांना कबूल करावं लागलं असतं. आयत्या बिळावर नागोबा बसला होता, तो कशाला हलतोय! तिने घरी सांगून पाहिलं. लेक म्हणाली, "पुरे गं आई. नाचता येईना, अंगण वाकडं."

पन्नास वर्षांनी त्या खेळाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा डावरी लेकीला ओढूनच घेऊन गेली. साहेबांच्या तोंडून लेकीने एकदा ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. साहेब चाकांच्या खुर्चीत बसून तरुण मंडळींना सांगत होते, "या खुंटीसाठी चाळीस रात्री जागलो. पुढे कितीजणांनी ती कल्पना उचलली!"

गर्दी पांगल्यावर डावरी लेकीला घेऊन समोर उभी राहिली. "साहेब, ते भोक माझं."

साहेबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "हो बाई, तुमचंच. मालकांना मी माझी कल्पना म्हणून सांगून बसलो होतो. तुम्हाला परत घेतलं असतं तर मी उघडा पडलो असतो."

डावरीला जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोला. आता लेक आपला हात धरेल, असंही वाटलं.

लेक बाहेर पायरीवर जाऊन बसली. "म्हणजे एका शब्दाचं काम होतं," ती म्हणाली. "माझी शाळा उगाचच गेली."

"तेच तर सांगत होते गं मी."

"तुझी चूक होती तोवर निदान तुझ्यावर राग काढता येत होता, आई. आता त्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यावर काढू?"

डावरीने हात पुढे केला. लेक उठली आणि तिच्यासाठी न थांबता चालू लागली.