वेरिबीतल्या बारा मुलाखती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि माझ्या पोटात कुठलीच गोष्ट चहा गार होईपर्यंतही टिकत नाही, हे परदेशातल्या या आमच्या वेरिबी उपनगरातल्या अख्ख्या मराठी मंडळीला ठाऊक आहे. अंगणात मी पाहिलेली पाल संध्याकाळपर्यंत मगर झालेली असते. मग हीच एक गोष्ट चार वर्षं कशी टिकली?

आमची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरपोच जेवण देते. वरच्यांनी ठरवलं, आता डिझाइन थिंकिंग करायचं. म्हणजे काय — आधी लोकांच्या घरी जाऊन त्यांची अडचण ऐकायची, मग उपाय शोधायचा. शहाणं काम. ते माझ्याकडे आलं. बारा घरं, तीन दिवस.

चौथ्या दिवशी मी मीटिंग रूमची भिंत पिवळ्या चिठ्ठ्यांनी अशी भरली की खिडकी सापडेना. मधोमध डोरोथीची चिठ्ठी — वय एक्क्याऐंशी, टॅबलेटवर तरबेज, फोनवरून ऑर्डर द्यायचा भयंकर कंटाळा. तिला अ‍ॅप हवं! मी तिचा आवाजही काढून दाखवला. अर्धी खोली रडली — बरं, एकाने नाक शिंकरलं.

फोनवर ऑर्डर घ्यायची ती जॅनेट. कुणाचा कुत्रा आजारी आहे, तेही तिला माहीत. लंचला माझ्याजवळ येऊन बसली.

"मेट, माझ्याशी तर सगळे तासभर गप्पा मारतात. ही डोरोथी मला आठवत कशी नाही? नंबर दे ना तिचा."

"ती मुलाकडे लांब क्वीन्सलँडला राहायला गेली," मी म्हणालो. पापणीही लवली नाही.

"ओह. मग माझंच काहीतरी चुकलं असेल."

आलं ना लक्षात? डोरोथी नव्हतीच. बारापैकी एकाही घराची बेल मी वाजवली नाही. आपल्या लोकांत मी सिंह — पण दारात एखादी गोरी आजी "पार्डन, लव?" — काय म्हणालास, बाळा? — म्हणाली, की माझं इंग्रजी घशातच बसतं. तीन दिवस गाडीत बसून डबा खाल्ला, आणि बारा माणसं रचली. घाबरलो, एवढंच.

अ‍ॅप आलं. फोनवर ऑर्डर घेणं बंद झालं. जॅनेटची नोकरी गेली. कितीतरी म्हाताऱ्यांनी जेवण मागवणंच सोडलं. मला बढती मिळाली.

हुश्श! पाठीवरचा फ्रिज उतरवल्यासारखं वाटतंय — दोन दारांचा, भरलेला. आता उठतो आणि सरळ जॅनेटकडे जातो. तोंडावर दार आपटलं तर आपटू दे. तिचं काहीच चुकलं नव्हतं.