निर्जळच्या रक्ताचं पाणी

गोठेवाल्याचं खरं नाव केसपेपरवर होतं, तेवढंच. बाकी सगळे त्याला निर्जळ म्हणत. तीस वर्षं दूध विकून त्यात पाण्याचा थेंबही न घालणारा माणूस विक्षिप्तच असणार, असं गिऱ्हाइकांचं मत होतं. ते कौतुकाच्या सुरात सांगत, एवढंच. रिकामी चरवी विसळलेलं पाणीसुद्धा तो लांब नेऊन ओतायचा. उगाच कोणाला शंका नको.

दोन महिने त्याला ताप येत होता. सकाळी उतरायचा, दुपार कलली की चढायचा, मग घामाने अंथरूण भिजायचं. कंबर धरली ती धरलीच. धारा काढायला बायकोचा धाकटा भाऊ येऊ लागला, आणि धारा काढता काढता दाजींची खोडीही काढू लागला.

"दाजी, ताप बरोबर धारेच्या वेळेला येतो बघा. गजर लावलाय काय त्याला?"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी गोठ्याचीच चौकशी केली. "एखादी गाय गाभडली का यंदा?"

"दोन," निर्जळच्या आधी बायको बोलली. "दुसऱ्या वेळी मेलेलं वासरू यांनी उघड्या हातांनी ओढून काढलं. हातमोजे घाला म्हटलं, तर म्हणे गाईला आवडत नाहीत."

बाईंनी कागदावर ब्रुसेलोसिस असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. हा आजार जनावरांकडून माणसाला होतो. रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट आला: निगेटिव्ह. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलं, पुन्हा निगेटिव्ह.

मेहुण्याने तो रिपोर्ट गोठ्यात उभं राहून गाईंना वाचून दाखवला. "ऐका गं, तुमचे मालक ठणठणीत आहेत."

बायकोने नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. निर्जळला ताप परवडला असता, हे न्याहाळणं नाही. रिपोर्ट खरा असेल तर तो कामचुकार, खोटा असेल तर कंबर कामातून गेली. तिसरा पर्याय कोणी देत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंचाही रिपोर्टवर विश्वास बसेना. त्यांनी लॅबला चिठ्ठी पाठवली: पातळ करून बघा.

लॅबवाल्या बाईंची पद्धत ठरलेली होती. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्तातल्या पिवळ्या पाण्याचा एक थेंब, शेजारी मेलेल्या जंतूंच्या रंगीत औषधाचा एक थेंब, काडीने ढवळायचं. गुठळ्या झाल्या तर आजार, नाही तर नाही. संशय असेल तर पातळ करून बघा, हे त्या औषधाच्या खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात होतं; पण रोज साठ नमुने असले की अक्षर आणखी बारीक होतं. आता त्यांनी आठ नळ्या मांडल्या, दर नळीत आधीच्या निम्मं रक्त आणि बाकी मिठाचं पाणी. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पहिल्या तीन नळ्यांत काही नाही, आणि चौथीपासून सातवीपर्यंत तळाशी गुठळ्याच गुठळ्या.

त्यांनी निर्जळला समोर बसवून सांगितलं, "जंतूंशी लढणारं रक्तात जे तयार होतं, ते दोन हातांनी दोन जंतू धरतं, म्हणून गुठळी होते. तुमच्यात ते इतकं झालंय की एकेका जंतूला दहा-दहा चिकटलेत. दुसऱ्या हाताला जंतूच मोकळा मिळेना. पातळ केल्यावर गर्दी हटली, तेव्हा गुठळ्या झाल्या. चूक माझी. आधीच पातळ करायला हवं होतं."

"म्हणजे पाणी घातलं?"

"घातलं. सातव्या नळीत तर रक्त नावालाच."

"आणि खरं तेव्हा कळलं?"

"तेव्हाच."

मेहुणा गोठ्यात पोट धरून हसला. "दाजी, गोठ्यासाठी तीस वर्षं रक्ताचं पाणी केलंत. आता लॅबनेही केलं!"

एक्स-रेच्या फोटोत कमरेचा एक मणका कुरतडलेला निघाला. तीन महिने औषधं चालली. गुरांच्या डॉक्टरांनी दोन गाई वेगळ्या बांधल्या, आणि निर्जळ दारोदार सांगत फिरला की दूध उकळल्याशिवाय तोंडाला लावू नका.

ताप गेला. सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं. पॉझिटिव्ह.

"अजून आजारीच की!" मेहुणा म्हणाला.

"जंतू गेले तरी रक्तातली खूण बरेच दिवस राहते," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "आता कागद बघू नका, माणूस बघा."

बायकोने घरी येऊन माणूस बघितला. भरलेली चरवी त्याच्या पायाशी ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. निर्जळ वाकला, चरवी उचलली, सरळ उभा राहिला.

"उद्यापासून तू येऊ नकोस," ती भावाला म्हणाली, आणि हातमोज्यांचा जोड नवऱ्याच्या हातात दिला.

गाईला ते खरंच आवडले नाहीत.