लिहून द्या, साहेब

युसुफचाचांच्या कानामागे पेन्सिल नसे, खडू असे. एखाद्या साहेबाने न पटणारं काम सांगितलं की ते वाद घालत नसत. खडू पुढे करत आणि मशिनीच्या पत्र्यावर बोट टेकवून म्हणत, "इथीसा लिवून द्या साहेब. म्हतारा झालो, इसरून जातो." निम्मे साहेब तिथेच चपापून हुकूम मागे घेत. जे लिहीत, त्यांच्या अक्षराचा चाचा मोबाईलवर फोटो काढत आणि मग मुकाट्याने कामाला लागत. विसरत मात्र ते काहीच नसत.

खामगावात कापसाच्या गाठी बांधायचे प्रेस बनवणाऱ्या एका कारखान्यात मी पदवीधर शिकाऊ इंजिनियर म्हणून लागले, तेव्हा चाचा तिथले सगळ्यांत जुने फिटर होते. मी दुसरबीडची, डिग्री बुलढाण्याची, घरातली पहिली इंजिनियर. वर्षभर शिकायचं आणि वर्ष संपलं की मोठे साहेब शेरा लिहिणार. त्यावर कायम व्हायचं की घरी जायचं ते ठरणार. त्या साहेबांचं नाव मी इथे लिहिणार नाही. तेवढा मानही त्यांना माझ्या हातून मिळायला नको. पहिल्याच मीटिंगमध्ये माझ्या तोंडून 'मले' निघालं, तर त्यांनी सगळ्यांसमोर ते तीनदा म्हणून दाखवलं. पुढे वर्षभर मी त्यांची 'मले मॅडम' होते.

चाचांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात साहेबाने संरक्षक जाळी काढून मशीन चालवायला लावली होती आणि बोटं गेल्यावर 'मी असं म्हटलंच नाही' म्हणून कानावर हात ठेवले होते. "हवेतल्या बोलण्याले नट-बोल्ट नसते पोरी," चाचा मला पुन्हा पुन्हा सांगत. "कोनं काई सांगतलं तं लिवून घे." त्या साहेबाला माफ केलंत का, असं मी एकदा विचारलं. "माफ?" चाचा हसले. "आजबी रोज सकाऊन दात घासताना त्याचं थोबाड आठोते."

अकराव्या महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. प्रेसचा सिलिंडर तासभर तेलाच्या पूर्ण दाबाखाली ठेवून तपासल्याशिवाय माल बाहेर पाठवायचा नाही, असा नियम होता. साहेब म्हणाले, "गाडी उभी आहे. टेस्ट झाली म्हणून सही करून टाक." खडू मला आठवला, नाही असं नाही. पण माझा शेराही त्यांच्याच हातात होता. मी सही केली.

चार दिवसांनी गिऱ्हाईकाकडे पहिलीच गाठ दाबताना सिलिंडर फुटला आणि गरम तेल भिंतीपर्यंत उडालं. नशिबाने समोर कुणी नव्हतं. मालकांनी, म्हणजे शेठजींनी, सगळ्यांना बोलावलं. त्याआधी मी चाचांना गाठून सगळं सांगितलं आणि रडले.

"काऊन नाई मांगतलं लिवून?" ते आधी माझ्यावरच डाफरले. मग हळूच म्हणाले, "कोनत्या टायमाले सांगतलं त्यानं?"

"दीड वाजता. तुम्ही जुम्म्याच्या नमाजाला गेला होता."

"अस्सं," चाचा म्हणाले, आणि असं काही हसले की मला त्यांची भीतीच वाटली.

शेठजींसमोर साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "टेस्टबद्दल मी हिच्याशी एक शब्दही बोललेलो नाही. हिनेच परस्पर सही ठोकली." मी तोंड उघडायच्या आत चाचा उठले.

"बोलले ना साहेब. मी केबिनच्या दाराशीच उभा होतो. गाडी उभी हाय, सही करून टाक, असं म्हटलं तुमी. या कानानं आयकलं."

इतकं धडधडीत खोटं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. साहेब लालबुंद झाले. "साफ खोटं! हा तेव्हा नमाजाला गेला होता!"

"तेव्हा म्हणजे केव्हा?" शेठजींनी विचारलं. "बोलणं तर झालंच नव्हतं ना?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

महिनाभरात त्यांची गच्छंती झाली. सही माझी होती म्हणून मला लेखी ताकीद मिळाली, ती मी निमूट घेतली. पण कायम झाले. साहेब सामान घेऊन निघाले त्या दिवशी मी हातातलं काम टाकून गेटवर जाऊन उभी राहिले. गाडीची काच खाली होती. "मले लई आनंद झाला साहेब," मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. तो आनंद अजून शिळा झालेला नाही. सुडाने माणसाचं मन जळतं असं म्हणतात. माझं चांगलं गार झालं. चाचा मागेच उभे होते. "आज माही दोन बोटं उगोली," ते म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

गेल्या वर्षी चाचा गेले. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा खोली माणसांनी भरली होती. त्यांत त्या दिवशी शेठजींसमोर हजर असलेले आमचे चौघे फिटरही होते. चाचींनी माझा हात घट्ट धरला.

"नमाजी मानूस होता बेटी. जिंदगीत एक डाव खोटं नाई बोलला. तूच सांग, बोलला का कधी?"

चौघांनीही माना खाली घातल्या.

"एकदाही नाही, चाची," मी म्हटलं.