देवराईतून जाणारा रस्ता

देवळापर्यंत सिमेंटचा रस्ता करायचं गावानं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत खूश झाले ते माझे सासरे. ते देवस्थानाचे पंच. आमचं गाव वेल्ह्याच्या डोंगरात आणि देवीचं देऊळ गच्च देवराईत. गुडघे गेल्यापासून सासूबाईंना दर्शन घडलं नव्हतं. टेम्पो दारात गेला की त्या पोचणार होत्या.

तोडायच्या झाडांवर चुन्याच्या खुणा झाल्या. मी हिरडे वेचायला गेले, तर खुणेच्या जांभळावरच शेकरूचं घरटं दिसलं. घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं.

"जाईल की दुसऱ्या झाडावर," ते म्हणाले.

"कसं जाईल, आबा? ते सहसा जमिनीवर उतरत न्हाई. मधली झाडं गेली की अर्धं रान तुटलं त्याला. असली रानं आता उरलीत किती?"

त्यांना पटलं नाही. कुणासाठी अडून बसलेत ते ठाऊक असल्यानं मला राग आला नाही. पण मी सोडणारही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासऱ्यांना आणि गुरवांना घेऊन देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. तासाभरानं सासरे कंटाळून उठले, तेवढ्यात वर पानं हलली. तांबूस अंगाचं, झुपकेदार शेपटीचं शेकरू खुणेच्या जांभळावरून उडालं ते थेट वाटेपलीकडच्या झाडावर.

गुरव म्हणाले, "काडीसुदिक नेऊ नका म्हणून आमी लोकांना सांगतो. आन आता आपणच कुऱ्हाड लावायची व्हय?"

सासरे वरच बघत होते. "मग तुझ्या सासूला दर्शनाला कसं आणायचं?"

"आमी आणतो," मी म्हणाले. कसं, ते मलाही माहीत नव्हतं.

गावच्या बैठकीत सासऱ्यांनी स्वतःच सांगितलं, "रस्ता रानाच्या कडेपर्यंत. पुढं चालायचं." कुरकुर झाली, पण झाडं वाचली.

जत्रेला आम्ही खुर्चीला दोन बांबू बांधले आणि चौघी सुनांनी सासूबाईंना उचललं. "हळू गं, पाडशिला मला!" वाटभर त्यांचा आरडाओरडा. देवीपुढं मात्र त्या लई वेळ हात जोडून बसल्या.

देवराई आणि पलीकडचं जंगल यांच्यामध्ये उघडा माळ आहे. त्या पावसाळ्यापासून आम्ही बायका तिथं जांभूळ, अंजनी, हिरडा लावतोय. वरच्या वाडीतल्या धनगर बायका शेळ्या तिकडं फिरकू देत नाहीत. रोपं आता माझ्या खांद्याला लागतात. फांद्या एकमेकींना भिडायला बरीच वर्षं जातील, पण भिडतील नक्की.