मयतीला न आलेला मित्र

ती घटना काही केल्या मनातून जात नाही. त्याला कारण खून नव्हे, एक साधा प्रश्न आहे: जिवलग मित्र मयतीला का आला नाही?

अंबड तालुक्यातल्या एका पुढाऱ्याला दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या गेल्या. गोळ्या झाडणारे दोघे लवकरच हाती लागले, पण त्यांना सुपारी कोणी दिली ते कळेना. वडीगोद्रीच्या हॉटेलात चहा पिताना माझा खबऱ्या म्हणाला, "साहेब, मैतीला कोण आल्तं ते बघून राह्यले तुमी. कोण आलं न्हाई ते बघा की."

आला नव्हता तो मृताचा शाळेपासूनचा मित्र, जालना एमआयडीसीतला सळ्यांचा कारखानदार. अलीकडे निवडणुकीवरून दोघांत बिनसले होते. त्यातच पकडलेल्यांपैकी एक जण त्याच्या कारखान्याचा टेम्पो चालवायचा, आणि खुनाच्या आदल्या आठवड्यात या ड्रायव्हरचे आणि कारखानदाराचे फोनवर बोलणे झाले होते. कटाच्या आरोपाखाली आम्ही कारखानदाराला अटक केली.

चौकशीत तो आडपडदा ठेवत नव्हता. "फोन मालाच्या खेपांचे व्हते साहेब. भांडणबी झाल्तं, न्हाई कशाला म्हणू?" मयतीचे विचारले की मात्र मान खाली. "तेवढं सोडून इचारा."

नको तिथे नाक खुपसायची माझी खोड जुनी. पोलिसात आलो म्हणून तिचा पगार मिळाला. घरझडती चालू असताना मी घरच्यांनाही मयतीचे विचारले, तेव्हा त्याच्या आईने मला परसात बोलावले.

"सून दोन जिवाची हाय. आधी दोनदा पोट पडलं. मैतीला मीच जाऊ दिलं न्हाई त्याला. पर कुठं बोलू नका, तिसरा महिना भरला न्हाई अजून."

बायको गरोदर असताना नवऱ्याने मयतीला जायचे नाही, ही रीत माझ्याही घरात होती. कोठडीत जाऊन मी त्याला म्हणालो, "हे वकिलाला सांगा. जामिनाला उपयोग होईल."

तो एकदम उसळला. "कोर्टात बोललं की पेपरात येतं. आधी पोर, मंग मी."

मला त्याचा राग आला आणि कौतुकही वाटले. जामीन फेटाळला गेला. मुलगी झाली तेव्हा तो तुरुंगात होता.

खटला उभा राहिला तोवर पोरगी चालू लागली होती. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी मला विचारले, "आरोपी मयतीला का आला नाही, याचा तपास केलात?" मी शपथेवर होतो. जे कळले होते ते सांगितले. सरकारी वकिलांनी डोळे वटारले. पुढे दोघा मारेकऱ्यांना शिक्षा झाली आणि कारखानदार पुराव्याअभावी निर्दोष सुटला. सुपारी कोणाची, हे मात्र मी निवृत्त झालो तरी उलगडलेले नाही.

माणूस गप्प बसला की तो स्वतःला वाचवतोय, असे आम्ही पोलीस धरून चालतो. तो दुसऱ्या कुणाला तरी जपत असेल, हे मी या प्रकरणात शिकलो.

सुटल्यावर तो बायको-मुलीला घेऊन थेट मित्राच्या घरी गेला. गाव तापलेले, म्हणून बंदोबस्ताला मी दारातच उभा होतो. मित्राची म्हातारी आई ओट्यावर बसली होती.

"आता आलास व्हय?" ती म्हणाली.

म्हातारीने त्याच्या कडेवरच्या पोरीकडे पाहिले.

"हिच्यापायी आला न्हाईस?"

त्याने मान डोलावली.

"मंग बराबर केलंस," असे म्हणून तिने हात पुढे केले आणि पोरीला मांडीवर घेतले.