छातीवरची पितळी पाटी

रक्त आपलं काम विसरत नाही. हे वाक्य माझ्या साडूंचं. ते आदिलाबादला पाटबंधारे खात्यात लिपिक आहेत आणि हे वाक्य बोलताना छाती पुढे काढतात.

पुरावा त्यांच्या देवघरात होता: तळहाताएवढी पितळी पाटी, तिच्यावर झिजलेली उर्दू अक्षरं. पणजोबांच्या चिलखताचा तेवढाच तुकडा उरला, असं घरात मानत. तिला रोज हळदकुंकू वाहिलं जाई. उर्दू कुणालाच येत नव्हती, त्यामुळे शौर्याबद्दल कधी वाद झाला नाही.

यंदा आमच्या मंडळाने मिरवणूक काढायचं ठरवलं. पुढे घोडा आणि घोड्यावर वीराचा वंशज. अध्यक्षांनाही आपल्या घराण्यात एक सरदार सापडला होता. ते साडूंना म्हणाले, "चिलखत असन तर घालून या. घोडा तुमचा."

साडूंनी इंटरनेटवरून चिलखताचे कागदी नमुने उतरवले. ते ताऱ्यांमध्ये लढणाऱ्या कुठल्याशा काल्पनिक परदेशी सैनिकाचे होते. "खांद्याले जरा जास्तच हाये," ते म्हणाले, "पण आपले लोकं तसेच होते."

माझा हात स्थिर म्हणून कापण्याचं काम माझ्याकडे आलं. झेरॉक्सवाल्याने सगळं पानात बसवून छापलं, तेव्हा शिरस्त्राण नारळाला बसेल एवढं झालं. पुन्हा छापलं. अखंड रेघेवर कापायचं, तुटक रेघेवर दुमडायचं, एकशे बाराची पट्टी एकशे बाराला चिकटवायची. साडूंनी ती फायलीवर शेरा मारावा इतक्या गांभीर्याने एकशे एकवीसला चिकटवली.

मेव्हणी डोकावल्या. "अहो, पणजोबाचं कोपर काखेत होतं काय?"

"इथं इतिहास बनून राह्यला. तू मधात बोलू नको."

"जवारीच्या पिठाची खळ लावून राह्यले. इतिहासाले मुंग्या लागतीन."

आतून जुन्या वर्तमानपत्रांचे थर दिले, वरून चंदेरी रंग. छातीवर पाटीसाठी चौकट ठेवली. पट्टे शिवायला सगळं गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंप्याकडे नेलं. त्याने पाटी खिडकीशी धरली आणि अंगठ्याने हळद पुसली. त्याला उर्दू येते, हे आम्ही विचारात घेतलं नव्हतं.

"बख्तर का नहीं है साब. ये चपरास है. लिखा है, तहसील, नंबर ग्यारह."

मग त्याने अदबीने समजावलं. चपरास म्हणजे शिपायाच्या पट्ट्यावरची पाटी; ती लावणारा तो चपराशी. तहसीलदार घोड्यावर असत आणि हा पुढे चालून वाट मोकळी करी.

कायम पगाराची नोकरी होती. माझ्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांचा कापूस तोलला, त्याने माझं काही बिघडलं नाही. साडूंनी मात्र पाटी खिशात टाकली. दाराशी आल्यावर म्हणाले, "भाऊ, हार मोठा आणा."

मिरवणुकीच्या दिवशी झेंडूच्या हाराखाली पाटी झाकून ते आले. चिलखत खरोखर झळकत होतं. आदल्या वर्षी त्यांना वर्गणी मागायलाही विसरलेली माणसं त्यांच्यासोबत फोटो काढत होती. अध्यक्षांनी त्यांना दोनदा खालीवर पाहिलं आणि तोंड कडू करून म्हणाले, "बसा."

तेव्हा कळलं की कंबर आणि मांड्या आम्ही एकत्रच चिकटवल्या होत्या. पाय वीतभरावर उचलेना. चौघांनी त्यांना आडवं उचलून पाहिलं. घोडा मागे सरला आणि चिलखतात काहीतरी करकरलं. "उतरवा, उतरवा," साडू म्हणाले. ते चढलेच नव्हते.

शेवटी घोड्यावर अध्यक्ष बसले. मिरवणुकीत पुढे राहण्याचा हट्ट मात्र साडूंनी सोडला नाही. भाजीबाजारात गर्दी होती. ते घोड्यापुढे ताठ चालत, दोन्ही हात पसरून, बसस्टँडपर्यंत ओरडत गेले, "बाजूला व्हा, बाजूला व्हा."

लोक होत होते.